काकांना धरत नाहीत

इस्पितळाच्या धुलाईघरात त्याला सगळे काका म्हणत. त्याच्याहून वयाने मोठा असलेला भट्टीवाला म्हणे, मुकादमीण म्हणे, चादरी न्यायला येणाऱ्या नर्साही म्हणत. वास्तविक या उभ्या जगात तो एकाच मुलीचा काका होता. ती लहान असताना एकदा त्याचा विसरलेला डबा घेऊन फाटकाशी आली आणि तिने अशी काही हाक मारली, की यंत्रांच्या घरघरीतही ती शेवटच्या टाकीपर्यंत ऐकू गेली. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघू लागलं.

काम म्हणाल तर रुळांवरचं. धुतलेली ओलसर चादर एका बाजूने तापलेल्या रुळाखाली जायची आणि दुसऱ्या बाजूने कडक, गरम, सपाट होऊन बाहेर यायची. तिथे दोघांनी तिची टोकं धरायची, ताणायची, एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन मोठी माणसं काहीतरी पोरखेळ खेळताहेत. काकाचा जोडीदार होता वकील. म्हणजे खराखुरा वकील नव्हे. पूर्वी तो कोर्टात शिपाई होता, आणि तेवढ्या भांडवलावर कोणालाही, कशावरही, न विचारता सल्ला द्यायचा. त्याचा आवाज इतका ठाम असायचा, की चुकीची गोष्टही त्याच्या तोंडून छापून आल्यासारखी वाटे.

घरीही काकाच्या वाट्याला चादरीच होत्या. घरात माणसं तीन. काका, त्याची विधवा वहिनी आणि पुतणी. पुतणीला लाडाने ठमी म्हणत. भाऊ गेला तेव्हा ठमी जेमतेम शाळेत जायला लागली होती. काकाने लग्न केलं नव्हतं. आधी राहून गेलं आणि मग कोणी विषय काढेना. वहिनी एका शिंप्याच्या कारखान्यात काज-बटणं करायची. दोघांच्या कमाईवर घर चाले. दर रविवारी वहिनी चादरी धुवायची आणि संध्याकाळी त्यांच्या घड्या घालायचं काम काका आणि ठमीचं.

या घरात एक रीत होती. कोणी ठरवून पाडलेली नव्हे, आपोआप पडलेली. अवघड काही सांगायचं असलं की ते चादरीची घडी घालताना सांगायचं. दोघांच्या मध्ये चादर असते, तोंडाला तोंड द्यावं लागत नाही, आणि बोलून होईपर्यंत माणसं चालत चालत जवळ येतात. भावाचा आजार बरा होणारा नाही हे काकाने वहिनीला असंच सांगितलं होतं. ठमी गणितात नापास झाली तेही तिने चादरीआडूनच सांगितलं. आणि पुढे एका रविवारी, टोकाला टोक लावता लावता, ती म्हणाली, "काका, मला कॉलेजात नाही जायचं. मला दात करायला शिकायचंय."

"कोणाचे?"

"लोकांचे. कवळ्या. त्याची शाळा आहे, दोन वर्षांची. हाताला काम मिळतं लगेच. आणि पहिली कवळी तुझी."

काकाचे वरचे सगळे दात गेले होते. खालचे पाच-सहा उरले होते, ते नुसते पहाऱ्याला बसल्यासारखे. तो इतका हसला, की घडी विस्कटली आणि दोघांना ती पुन्हा घालावी लागली.

शाळेची फी मात्र हसण्यासारखी नव्हती. पण गरजू मुलांना शाळेकडून मदत मिळायची. फी माफ, वर साहित्याला आणि येण्याजाण्याला दरमहा पैसे, आणि ते परत फेडायचे नाहीत. ठमी शाळेतल्या माहितीच्या सभेला जाऊन आली, फॉर्म घेऊन आली आणि टेबलाशी बसून तिने तो स्वतः भरला. काकाच्या हाती लागलं ते सोबतचं माहितीपत्रक. त्यात एक ओळ होती, की कुटुंबाचं एकूण उत्पन्न अमुक एका मर्यादेच्या आत असावं. काकाने मनातल्या मनात वहिनीची कमाई धरली, ती मर्यादेच्या चांगली आत होती. मग स्वतःचा पगार धरला, आणि सगळं बाहेर गेलं.

इथे त्याने ठमीला एक शब्द विचारला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो पडला घुम्या. पोरीला उगाच घोर कशाला, म्हणून त्याने पत्रक घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी रुळापाशी ते कोणाला दाखवलं, तर वकिलाला.

वकिलाने चादर सोडली, पत्रक वाचलं आणि मान हलवली.

"एक छप्पर, एक चूल, एक कुटुंब," तो म्हणाला. "तुझा पगार धरणार म्हणजे धरणार."

"मी काका आहे. बाप नाही."

"राहतोस ना तिथे? भाडं देतोस ना? संपलं. आणि तपासनीस येतात बरं का. न सांगता येतात. दाराशी चपला मोजतात, दाढीचं सामान बघतात. कोणी लपवलं असं दिसलं की मदत बंद आणि वर दंड."

"मग करायचं काय?"

"वेगळा राहा. आणि पैसेही देऊ नकोस, तेही धरतात." वकिलाने चादरीचं टोक पुन्हा उचललं. "पोरीचं भलं हवं असेल तर."

काकाला पोरीचं भलं हवं होतं. त्याला दुसरं काही हवं असल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

घरी खरं सांगायची सोय नव्हती. वहिनीने ऐकलंच नसतं. मदत गेली खड्ड्यात, पण माणूस घरातून जायचा नाही, असं म्हणाली असती. म्हणून त्याने एक खोटं कारण जुळवलं, आणि ते चादरीआडून नव्हे तर दाराशी, पिशवी हातात घेऊन सांगितलं. चादरीशी खोटं बोलणं त्याला जमलं नसतं.

"वहिनी, मी कामाजवळ खोली घेतलीय. आता वय झालं. मला जरा एकटं राहावंसं वाटतं."

वहिनी शिवत होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"आमचं काही चुकलं का, भावजी?"

"छे, छे. तसं काही नाही."

"मग पैशांचं काही?"

"नाही हो. नुसतं एकटं राहावंसं वाटतं."

या वाक्याने काय जखम केली याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. इतकी वर्षं ज्या माणसाला वाढून दिलं, त्याला आपण गर्दी वाटत होतो, असा त्याचा अर्थ वहिनीने घेतला, आणि दुसरा कोणता घेणार? त्यात तपासनिसांच्या धाकाने काकाने घर अगदी झाडून नेलं. दाढीचा आरसा नेला, जुन्या चपला नेल्या, टोपी नेली, इतकंच काय, ज्या ब्रशने वहिनी कंगवे साफ करायची तो त्याचा झिजलेला दातांचा ब्रशसुद्धा नेला. भिंतीवर आरशाच्या जागी एक फिकट चौकोन आणि वर एक खिळा उरला. मागे काहीएक राहू नये असं आपल्या हातून काय झालं, हे ती किती दिवस स्वतःला विचारत राहिली.

खोली टायरच्या दुकानावर होती. खिडकीतून रबराचा वास यायचा. एक खाट, एक शेगडी, एक खुर्ची. दुसरी खुर्ची मावली असती, पण कोणासाठी आणायची? पहिल्याच रविवारी त्याने स्वतःची चादर धुतली आणि वाळल्यावर ती हातात घेऊन तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. दिवसाला शेकड्यांनी चादरी हाताळणारा माणूस, पण एकट्याने घडी घालायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. एकटी माणसं चादरीची कड दातांत धरतात. याला वरचे दातच नव्हते. त्याने ती हनुवटीखाली दाबली, हात लांब केले, चादर घसरली. पुन्हा उचलली, पुन्हा घसरली. शेवटी खाटेवर पसरून कशीबशी दुमडली आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

काही दिवसांनी ठमी धावत धुलाईघराच्या फाटकाशी आली. मदत मंजूर झाली होती, सगळी, फीसकट. तिने सांगितलं तेव्हा काकाला वाटलं, आपली ती खोली, तो रबराचा वास, सगळं वसूल झालं. त्याने वकिलाला चहा पाजला. वकिलाने तो हक्काने प्यायला.

त्यानंतर ठमी अधूनमधून यायची. "घरी चल ना जेवायला," म्हणायची. आणि काका, डोळ्यांपुढे तपासनीस आणि दाराशी मोजल्या जाणाऱ्या चपला आणून, "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणायचा. पुढचा आठवडा कधी उजाडत नसे. मग तिने म्हणायचं सोडलं, आणि येणंही कमी केलं. वाईट वाटून घ्यायलाही त्याला तोंड नव्हतं, कारण दार त्यानेच लावलं होतं. कामावरून सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी कामावर जाईपर्यंत तो एक शब्द बोलत नसे. एका सोमवारी वकिलाशी बोलायला गेला तर आवाज फुटेना, दोनदा खाकरावं लागलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की सुट्टीच्या दोन्ही दिवसांत आपण तोंड फक्त खायला उघडलं. त्यानंतर तो खोलीत शिरताना मोठ्याने "आलो" म्हणू लागला. पण उत्तर येत नाही हे रोज नव्याने कळायचं, म्हणून तेही सोडलं. घरी द्यायचे पैसे तो दरमहा एका डब्यात टाकत होता. मदत संपली की एकदम देऊ, असा त्याचा बेत होता.

असं दीड वर्ष गेलं. तपासनीस आले नाहीत. येणार कुठून? ते वकिलाच्या डोक्यात राहत होते.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठमी आली. अंगावर शाळेचा पांढरा कोट, बाह्यांना प्लास्टरचे डाग. अंगाने वाळली होती आणि एकदम मोठी दिसत होती.

"काका, वरच्या पूर्ण कवळीचं प्रॅक्टिकल आहे. प्रत्येकाने घरचं माणूस आणायचंय, दात गेलेलं. त्याचं माप घ्यायचं. तू येशील ना?"

घरचं माणूस! शाळेतच जाऊन, सगळ्यांसमोर घरचं माणूस म्हणून बसायचं? दीड वर्ष सांभाळलेलं एका दुपारी घालवायचं?

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "मला तोंडात कोणी हात घातलेला चालत नाही."

"तूच म्हणाला होतास, पहिली..."

"लहान होतीस तू. गंमत होती ती."

ठमी म्हणाली, "ज्याला कोणी नसतं त्याला बाई बाहेरचं माणूस देतात. मी तसं सांगते." आणि गेली. काकाचा डबा तसाच राहिला.

त्या दुपारी पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की हे एकदा कोणाला तरी नीट विचारून बघावं. वकिलाला नव्हे. त्याने अर्धी रजा टाकली आणि तो ठमीच्या शाळेत, मदतीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आतल्या बाई चष्मा डोक्यावर चढवून काहीतरी शोधत होत्या. बहुधा चष्माच.

"माझ्या ओळखीतल्या एका माणसाचं विचारायचं होतं," काका म्हणाला.

"इथे सगळे ओळखीतल्यांचंच विचारतात," बाई म्हणाल्या. "बोला."

"एका मुलीला मदत मिळते. वडील नाहीत. तिचा काका समजा घरी राहायला आला, तर त्याचा पगार धरणार?"

"नाही. काकांना आम्ही धरत नाही."

"एकाच घरात राहिला तरी?"

"तरी."

"भाडं देत असला तरी?"

"अहो, तरी. आई-वडील कमावतात ते धरायचं. वडील नसतील तर एकट्या आईचं. काका, आत्या, मामा, कोणी का राहीना घरात, आम्हाला त्यांच्याशी कर्तव्य नाही."

"आणि तो काका आधीपासूनच तिथे राहत असता? कधी गेलाच नसता?"

"एवढीच मदत मिळाली असती. एक पैसा कमी नाही." बाईंना आता चष्मा सापडला होता. त्यांनी तो लावला आणि काकाकडे नीट पाहिलं. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"वकिलाने."

"कमाल आहे वकिलाची. विचारायला इथे पैसे पडत नाहीत हो. लोक काय काय करून बसतात आणि मग येतात. एकाने तर नोकरी सोडली होती भावाच्या मुलासाठी. आधी यायचं ना."

काका बाहेरच्या बाकावर बसला. वकिलाचा राग आला, पण तो फार टिकला नाही. वकील काय, बोलणाराच होता. ऐकणारा कोण होता? मग स्वतःची लाज वाटली. आणि या सगळ्याच्या खाली एक निराळंच काहीतरी टोचत होतं. आपण घरातून गेलो नसतो तर चाललं असतं, हे एक. पण आपण घरात होतो तेव्हाही कोणी आपल्याला धरत नव्हतं, हे दुसरं. ते जास्त लागलं. समोरून पांढऱ्या कोटातली मुलं हसत जात होती. बाकावर कोण बसलंय याची कोणाला फिकीर नव्हती.

आता घरी जायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की जाऊन सांगायचं काय. वहिनी, मी येडपटासारखं एका शिपायाचं ऐकून तुम्हाला दीड वर्ष रडवलं? दोन दिवस तो हे वाक्य खोलीत फिरवत राहिला. जिभेवर बसेना.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र त्याने सकाळी तोंड स्वच्छ धुतलं, रुळावरून काढलेला कडक शर्ट घातला आणि शाळा गाठली. मोठ्या खोलीत ओळीने खुर्च्या होत्या. खुर्च्यांत आज्या, आजोबा, कोणाची आत्या, कोणाचे वडील. सगळे तोंड उघडून, सगळे ओशाळलेले. ठमीच्या खुर्चीत कोणी नव्हतं. बाहेरचं माणूस अजून आलं नव्हतं. ती खुर्चीची पाठ उगाच फडक्याने पुसत होती.

काका जाऊन खुर्चीत बसला.

शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई पाठीमागून आल्या. "हे कोण?"

ठमीने हातातलं फडकं ठेवलं. "काका आहे माझा."

तिने त्याच्या गळ्याशी फडकं बांधलं, वाटीत पाणी घालून गुलाबी लगदा भराभर कालवला आणि तो पत्र्याच्या साच्यात भरला. तिचे हात सराईत होते. काकाला फार बरं वाटलं ते बघून.

"नाकाने श्वास घे," ती म्हणाली. "घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही. बोललास तर माप बिघडतं आणि बाई मार्क कापतात."

साचा आत गेला. थंडगार, पुदिन्याच्या वासाचा. ठमी दोन बोटांनी तो वर दाबून उभी राहिली. तिला हलता येत नव्हतं आणि त्याला बोलता येत नव्हतं. दीड वर्षात ती दोघं इतकी जवळ आली नव्हती.

ती खिडकीकडे बघत बोलायला लागली, हळू, शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये इतपत.

"घर सोडतोय आम्ही. महिनाअखेरीला. आई मामाकडे जाणार, मी वसतिगृहात. दोघींना भाडं झेपत नाही. आणि आईला ते घर खायला उठतं."

काकाच्या घशातून आवाज आला.

"बोलू नकोस ना. तुझा तो खिळा आहे ना, आरशाचा, त्यावर आईने अजून काही टांगलेलं नाही. पहिल्यांदा रोज विचारायची, आपलं काय चुकलं गं. आता विचारत नाही. मला वाटायचं, कवळी करून दिली की तू हसशील, मग मी विचारीन तुला, का गेलास." साचा मात्र तिने हलू दिला नाही. "थोडंच राहिलंय. गप्प बस."

गप्प बसणं काकाला नवीन नव्हतं. पोरीचं भलं व्हावं म्हणून तो जन्मभर गप्पच बसत आला होता, आणि आत्ताही तिचे मार्क होते. आणखी थोडा वेळ कळ काढली असती तर माप उत्तम निघालं असतं. पण त्याने तिचं मनगट धरलं, बाजूला केलं आणि साचा तोंडातून उपसून काढला. लगदा हनुवटीवर ओघळला.

"घर सोडू नका," तो म्हणाला.

"काका! काय केलंस हे!"

"मला एकटं राहायचं नव्हतं. कधीच नव्हतं." आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. वकील, पत्रक, पगार, तपासनीस, चपला, आरसा, टायरचं दुकान, सगळं उलटसुलट. वहिनीला दाराशी जे सांगितलं ते खोटं होतं, हे त्याने दोनदा सांगितलं. हनुवटीवरचा लगदा तसाच वाळत होता आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं.

ठमी साचा हातात धरून उभी होती.

"मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली. "फॉर्म मीच भरला होता. काकाचा रकानाच नव्हता त्यात."

"माहीत आहे. परवा कळलं."

डॉक्टरीणबाईंनी येऊन साचा पाहिला. "बिघडलं माप. पेशंट बोलला?"

"हो बाई," ठमी म्हणाली. "बोलला एकदाचा."

बाईंनी मार्क कापले. ठमीने फडक्याने त्याची हनुवटी पुसली, जरा जोरातच, आणि नवा लगदा कालवायला घेतला. कालवताना तिने वर पाहिलं नाही.

"आईला मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तूच सांग. रविवारी ये. चादरी धुवायला काढल्यात."

आणि त्याने काही बोलायच्या आत तिने साचा त्याच्या तोंडात बसवला. काका मान डोलवायला लागला.

"मान हलवू नकोस," ठमी म्हणाली. "बिघडेल पुन्हा."